हा रंग नव्हे

“हा रंग न्हवं,” भागामावशी म्हणाली आणि खणाची मूठ सोडून तिनं हात पदराला पुसला.

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी खण उपसून दारातल्या उजेडात नेला. कपाटाची मागची एक जुनी फळी मुद्दाम नमुन्यासाठी सोडवून ठेवली होती, तीही उचलली आणि दोन्ही तिच्यापुढं धरली.

“मावशी, ही बघा जुनी फळी. हिला कुणाचा हात लागलेला नाही. आणि हा मी केलेला खण. शेजारी शेजारी धरलेत. आहे केसाएवढा फरक?”

तिनं फळीवरून बोटं फिरवली, मग खणावरून फिरवली. खणाच्या खालच्या कडेशी जरा रेंगाळली आणि मान हलवली.

“असं न्हवतं.”

“मग गडद पाहिजे का उजळ?”

“ते तुमचं तुमी बगा. मिस्त्री तुमी हाय. कपाट पयल्यागत करून द्या, एवढंच माजं म्हननं. पयल्यागत झालं तर दुकान उघडंल. न्हाईतर ह्या फळ्या लावल्या त्या लावल्या.”

एवढं बोलून ती आत चुलीकडं गेली. मी खण मांडीवर घेऊन तसाच बसलो. माझं नाव बाबालाल मुजावर. कराडात लाकडाचं कुणी वाटोळं केलं की लोक मला बोलावायचे. नवं काम मला फारसं मिळालं नाही आणि त्याची मी खंतही केली नाही. दुसऱ्यानं घातलेला घोळ निस्तरण्यात एक निराळीच मिजास असते, आणि ती माझ्यात भरपूर होती. फिसकटलेलं पॉलिश पाहिलं की माझा हात शिवशिवायचा. त्या हातानं हार खाल्ली नव्हती, म्हणून ही बाई माझ्या डोक्यात जात होती.

मंडईमागच्या बोळात शेट्यांचं काष्ठौषधीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गादी, एक तराजू आणि मागं भिंतभर सागवानी कपाट. जमिनीपासून आढ्यापर्यंत हातभर लांबीचे खण, आणि प्रत्येक खणात एकेक मुळी, साल, बी, फळ. भागीरथी शेटे, म्हणजे सगळ्यांची भागामावशी, नवरा गेल्यापासून एकटीच ते चालवत होती. बाळंतिणीचं सामान आणि बाळगुटी न्यावी तर तिच्याकडनंच, असा आसपासच्या गावांचा नेम होता. मूलबाळ तिला नव्हतं. लोक म्हणायचे, अर्ध्या तालुक्याला गुटी पाजली, आणखी कशाला पाहिजे मूल. हे तिच्या तोंडावरही म्हणायचे आणि ती हसायची.

तिचा पुतण्या शिवानंद बँकेत होता. माणूस गुणाचा, पण उंटावरचा शहाणा. श्रावणात मावशी जतला माहेरी गेली, तेवढ्यात त्यानं कपाट नवं करून घ्यायचं ठरवलं. काकी परत आली की तिचे डोळेच दिपले पाहिजेत, हे त्याचेच शब्द. त्यानं कुठला तरी फर्निचरवाला गाठला. त्या भल्या गृहस्थानं जुनं किटण काढायला कॉस्टिक सोडा फासला आणि वरनं तारेच्या घासणीनं घासलं. सागाला सोडा लागला की साग काळवंडतो. ओल्या सागाला लोखंड लागलं की शाईसारखे ठिपके उमटतात. दोन्ही झालं. मग ते झाकायला त्यानं यंत्रानं पृष्ठभाग तासून काढला, भोकं-खड्डे लांबीनं, म्हणजे पुटीनं, बुजवले आणि वरनं तांबडाभडक स्टेनर फासला. तरी काळं खालनं वर आलंच. करायला गेले गणपती, झाला मारुती, तशातली गत.

शिवानंदनं मात्र हौसेनं आणखी एक सुधारणा केली होती. मावशीचे खण म्हणजे त्याच्या मते सगळा गोंधळ होता. सुंठीशेजारी ओवा काय, हिंगाशेजारी ज्येष्ठमध काय. त्यानं सगळे खण मालासकट उचलून वर्णक्रमानं लावले. अतिविष वरच्या डाव्या कोपऱ्यात, तिथनं अ, आ, इ, ई करत खाली. प्रत्येक खणावर पितळी चौकटीत सुबक अक्षरात नाव. “उद्या काकी आजारी पडली तर मीसुद्धा गल्ल्यावर बसू शकेन,” असं त्यानं मला कौतुकानं सांगितलं होतं.

मावशी परतली तेव्हाची हकिकतही त्यानंच सांगितली. ती कपाटापुढं उभी राहिली, एक खण ओढला, दुसरा ओढला, तिसरा ओढला आणि मटकन खाली बसली. “शिवा, काय केलंस रं हे?” एवढंच म्हणाली. तो बिचारा गोरामोरा झाला. म्हणाला, “रंग जरा बिघडलाय खरा, काकी. चांगला मिस्त्री आणून दुरुस्त करून घेऊ.” त्यावर तिनं खणाच्या कडेवरून पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाली, “व्हय. रंग बिगडलाय.”

तर असा मी तिथं पोचलो होतो. खणांतला माल खणांतच ठेवून फक्त दर्शनी बाजू धरली. स्पिरिटनं तांबडा रंग सोडवला. सोडा मारायला व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून घेतलं, काळे डाग ऑक्झॅलिक आम्लानं उतरवले, खण उन्हात वाळवले. मग बारीक पेपर, रेघेच्या दिशेनं, हळू हळू. रंग आधी खणाच्या पाठीवर लावून बघितला, वाळू दिला, मगच पुढं. लाखदाणा स्पिरिटात विरघळवून सुती बोळ्यानं पॉलिशचे हातावर हात दिले. त्या फर्निचरवाल्यानं बुजवलेल्या भोकांची लांबी पांढुरकी दिसत होती. तिच्यावर बारीक कुंचल्यानं मी लाकडाच्या रेघा काढल्या. एका खणाच्या मुठीखालचं भोक तर असं मिळवलं की नंतर मलाच ते सापडेना. त्या दिवशी मी एकटाच हसलो होतो.

आणि बाई म्हणायची, हा रंग न्हवं.

मी रंग एक छटा उतरवला. न्हवं. एक छटा चढवला. न्हवं. चकाकी मारली, मेण लावलं. न्हवं. कधी ती मुठीला चाचपायची, कधी खणाला नाक लावायची. जाड भिंगांचा चष्मा असायचा, पण माझ्याकडं बघायची ती माझ्या खांद्यावरनं पलीकडं, जसं काही मी माणसातच जमा नाही. मला वाटायचं, हा शेट्यांचा ताठा. घरी येऊन मी बायकोपाशी चरफडायचो. ती म्हणाली, “म्हातारीला दुकान बंदच करायचं असंल, तुमच्या डोक्यावर खापर फोडतीय.” ते मात्र मला पटलं नव्हतं. कारण कुणी गिऱ्हाईक बंद फळ्यांसमोरनं हाक मारून निघून गेलं की मावशीचा चेहरा पार उतरायचा.

त्या दिवशी दुपारी मी मागच्या परड्यात लाखदाण्याचं भांडं हलवत बसलो होतो. पुढं कुणीतरी फळी वाजवली.

“दुकान बंद हाय,” आतनं मावशी.

“मावशी, आवं तांबव्यासनं आलेय! लेकीला लेक झालीय. गुटीचं सामान द्या.”

“बंद हाय म्हनलं न्हवं. दुसरीकडनं घे.”

“दुसरीकडनं कशी घेऊ? माझ्या लेकीला तुमचीच गुटी, तिच्या लेकीला दुसऱ्याची व्हय? पोर रातसारी वरडतीय वो मावशी. एस्टी लागलीय माझी, नाय म्हनू नका.”

मावशी उठल्याची चाहूल लागली. मग फळी सरकल्याचा आवाज आला, खण ओढल्याचे आवाज आले. एक, दुसरा, मधे थोडा वेळ, मग भराभर. मावशीचा आवाज मी आल्यापासून पहिल्यांदाच मोकळा झालेला ऐकला. “हे दोन येढं, हे चार येढं. आईच्या दुधात उगळायचं. मुरुडशेंगंला लई दाब देऊ नगं.” बाईचे आशीर्वाद, पायताणांचा आवाज, फळी परत लागली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हातारी वळणावर आली, आता रंगही पसंत पडेल.

भांडं अजून हातात होतं तोच आतनं हाक आली. हाक कसली, ती किंकाळीच होती.

“मिस्त्री! मिस्त्री, पळा!”

मी धावलो. मावशी कपाटाला धरून उभी होती आणि ओठांवरून सारखी बोटं फिरवत होती.

“काय झालं?”

“सवयीनं बोट चाटलं. जिभंला मुंग्या आल्या. आतिविष न्हवं ते, बचनाग दिला मी! त्या बाईला गाठा. पोरीच्या तोंडात जायच्या आत गाठा!”

अतिविष नावालाच विष, गुटीत चालतं; बचनाग म्हणजे जहाल विष, एवढं मलाही ठाऊक होतं. मी फळी सरकवली.

“कशी होती? लुगडं कुठल्या रंगाचं?”

ती नुसता दाराकडं हात दाखवत राहिली.

“मावशी, मी तिला बघितलेली नाही! स्टँडावर शंभर बायका असतील. लुगड्याचा रंग सांगा!”

“मला रंग दिसत न्हाई वो!” ती ओरडली. “कायबी दिसत न्हाई! तांबव्याची हाय म्हनली, तेवढंच. पळा!”

मी पळालो. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही, फक्त सारखं तेच वाक्य डोक्यात घुमत होतं. तांबव्याची गाडी लागलेलीच होती, कंडक्टर दाराशी उभा होता. मी आत घुसून ओरडलो, “शेट्यांच्या दुकानातनं गुटीचं सामान कुणी आणलंय?” सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. मधल्या बाकावरची एक बाई दबकत म्हणाली, “मी. का वो?” तिचं लुगडं हिरवंगार होतं.

पुडी परत देईना ती. “पैसं दिल्यात मी. चोरी केली का काय?” मी म्हणालो, माल जुना निघालाय, मावशीनं परत मागवलाय. पैसे पुढं केले. तिनं पुडी माझ्या अंगावर टाकली. “जुना माल तान्ह्या लेकराला देती व्हय? म्हातारी असली निघंल असं वाटलं न्हवतं.” आजूबाजूच्या बायकांनीही च्‌ च्‌ केलं. मी पुडी मुठीत घट्ट धरून खाली उतरलो आणि तिथंच स्टँडाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. 

परत आलो तर मावशी गादीवर बसून तुपाची बोटं जिभेला लावत होती. पुडी तिच्या हातात दिली. तिनं ती उलगडली, चाचपत चाचपत ती मुळी बाजूला काढली, मग बाकीच्या एकेका जिनसावर बोट ठेवून पुन्हा खात्री केली. आणि मग रडायला लागली. वयस्क माणूस इतकं मोकळं रडताना मी फारसं पाहिलेलं नाही. काय करावं ते मला कळेना, म्हणून मी पाणी आणून दिलं.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“हळूहळू गेली. बरीच वरसं झाली. आदी अक्षरं गेली, मंग मानसांची तोंडं. डागदर म्हनला, नस वाळलीय, विलाज न्हाई. शिवाला सांगितलं न्हाई, कुनालाच न्हाई. आंधळीच्या हातचं औशद कोन घेनार?”

“आणि दुकान?”

“हात व्हता की.” तिनं दोन्ही तळवे पुढं धरले. “सुंठीच्या खनावर आमच्या मालकांच्या इडीचा चटका व्हता. जेष्ठमधाचा कोपरा उंदरानं खाल्लेला. वावडिंगाची मूठ ढिली. समद्या कपाटाला अशा खुना व्हत्या, मिस्त्री. काय मुद्दाम केलेल्या, काय आपसूक झालेल्या. बोट लावलं की खन नाव सांगायचा.”

“आणि बचनाग?”

“त्यो पार खाली, कोपऱ्यात असायचा. त्येच्या मुठीखाली सासूबाईंनी खिळा मारलेला, टोक भायेर ठिवून. चुकून हात गेला तरी टोचावं म्हनून. शिवानं जागा बदलल्या तरीबी मला वाटलं, खिळा हाय तंवर भ्या न्हाई. आतिविषाच्या जुन्या जागी हात गेला. टोचलं न्हाई. मुळीबी हाताला सारखीच लागली.”

मुठीखालचं भोक. मी उठलो आणि बचनागाची पाटी असलेला खण शोधला. खण तोच होता. फर्निचरवाल्यानं खिळा उपटून लांबी भरली होती आणि तिच्यावर मी लाकडाच्या रेघा काढल्या होत्या. नखानं दाबून बघितलं तेव्हा कुठं जागा सापडली. दुसऱ्याचा घोळ निस्तरणारा हात म्हणून मी जो मिरवत होतो, त्यानं घोळावर शेवटचा हात फिरवला होता. त्यात माझी चूक नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानं काही हलकं वाटलं नाही.

“मावशी, मी करतो ना,” मी म्हणालो. “तुम्ही सांगाल तसे खण जुन्या जागी लावू. चटका पाडतो, कोपरा तोडतो, खिळा परत मारतो. सगळ्या खुणा करून देतो. तुम्ही सांगा, मी करतो.”

“तुमी कराल. माजा भरवसा हाय.”

“मग?”

“मंग काय? आज तुमी हुतासा, एस्टी उभी हुती. उद्या न्हाई म्हंजे?”

“बचनाग फेकून देऊ. ठेवायचाच नाही.”

“आन् जेपाळ? धोत्र्याचं बी? बिब्बं? काय काय फेकाल?” ती डोळे पुसून शांत झाली होती आणि ते जास्त वाईट होतं. “खुना ग्येल्या त्येचं न्हाई मिस्त्री. मला वाटायचं माजा हात चुकायचा न्हाई. आज त्यो चुकला, आन् चुकताना मला कळलंबी न्हाई. आता ह्या हाताला मी कसं इचारू, बाबा, खरं सांगतूयास का?”

 मी पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिलो, खाच पाडतो, खूण करतो, आणि ती नुसती मान हलवत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर घडा माझाच पालथा होता. ती सगळं समजून नाही म्हणत होती.

“शिवाला काय सांगायचं?” मी शेवटी विचारलं.

“रंग जमला न्हाई म्हनावं. मिस्त्रीला जमला न्हाई, म्हनून म्हातारी रुसली.” मग तिच्या लक्षात आलं. “तुमचं नाव खराब हुईल.”

“होऊ द्या.”

झालंही. ‘रंग पसंत पडला नाही म्हणून दुकान मोडलेली बाई’ आणि ‘तिला रंग न जमवलेला मिस्त्री’, दोन्ही कराडात पुढं कैक वर्षं चघळलं गेलं. मी कुणालाही काही बोललो नाही. आता मावशी नाही, शिवानंदही नाही.

“एक काम करा,” ती म्हणाली. “खिळं हायती न्हवं पिशवीत? समदं खन ठोकून टाका.”

“मावशी, कुलूप लावू की दाराला. खण कशाला ठोकायचे?”

“दाराला कुलूप लावून मी आतच ऱ्हानार न्हवं? कोन रडत येईल, लेकराचं नाव सांगंल. आज न्हाई म्हनता आलं का मला? ठोका.”

मी हातोडी काढली. पॉलिश अजून पुरतं कडक झालं नव्हतं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात देखणं काम होतं, दुपारच्या उन्हात सगळी भिंत उजळली होती. प्रत्येक खणाच्या माथ्यावर तिरका खिळा धरायचा आणि हाणायचा. प्रत्येक घावासरशी खिळ्याभोवतीचं पॉलिश तडकत होतं. मी वरपासून सुरुवात केली. मावशी गादीवर बसून ऐकत होती. मधे एकदा फक्त म्हणाली, “हळू. सागाला चीर जाईल.”

शेवटची ओळ चालली असताना बाहेरनं कुणीतरी फळी वाजवली. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता.

“भागामावशी, चिमूटभर ओवा मिळंल का? पोट लई दुखतंय.”

मावशी बसल्या जागेवरनं उठली. एक पाऊल, दोन पावलं, डावा हात न चाचपता बरोबर कपाटाकडं गेला आणि तिनं एक मूठ धरून ओढली. खण हलला नाही. तिनं पुन्हा ओढली. मी हातोडी खाली ठेवली.

तिनं मूठ सोडली, पण हात तिथंच ठेवला.

“न्हाई बाबा,” ती फळ्यांकडं तोंड करून म्हणाली. “ओवा संपलाय.”